बलराज साहनी, भिवंडी आणि नटाने गप्प बसण्याचा प्रश्न

१ मे म्हटलं की आपल्याकडे दोन गोष्टी ठरलेल्या. महाराष्ट्र दिन आणि कामगार दिन. सकाळी झेंडावंदन, दुपारी सुट्टीची झोप. याच तारखेला आणखी एक वाढदिवस असतो, तो मात्र फारसा कुणाच्या लक्षात राहत नाही. १ मे १९१३ रोजी रावळपिंडीच्या साहनी कुटुंबात एक मुलगा जन्मला. नाव ठेवलं युधिष्ठिर, पुढे घरच्यांनीच ते बदलून बलराज केलं. कामगार दिनाला जन्मलेला हा माणूस नंतर हिंदी सिनेमात रिक्षावाला झाला, काबुली पठाण झाला, खेड्यातला डॉक्टर झाला आणि शेवटी आग्र्याचा एक म्हातारा जोडे बनवणारा मुसलमान कारखानदार झाला.

आज त्यांच्यावर लिहायचं कारण वेगळं आहे. हल्ली कुठल्याही नटाने, नटीने एखाद्या सार्वजनिक प्रश्नावर तोंड उघडलं की खाली ठरलेलं वाक्य येतं: "तुम्ही अभिनय करा, राजकारणात पडू नका." हे वाक्य डावेही म्हणतात, उजवेही म्हणतात. नट आपल्या बाजूचं बोलला तर तो जागरूक नागरिक आणि समोरच्या बाजूचं बोलला तर नाच्या. मला या भांडणात कुणाची बाजू घ्यायची नाही. मला फक्त एक आयुष्य तुमच्यासमोर मांडायचं आहे. ज्याला आपण आजही हिंदी सिनेमातला सर्वांत खरा वाटणारा नट म्हणतो, त्याचा अभिनय कुठून आला, हे बघायचं आहे.

वर्ध्याच्या वाटेवर

साहनींचं घर खाऊनपिऊन सुखी. वडील व्यापारी, कट्टर आर्यसमाजी. मुलगा लाहोरच्या गव्हर्नमेंट कॉलेजात शिकला, इंग्रजी साहित्यात एम.ए. झाला. धाकटा भाऊ भीष्म, तो पुढे हिंदीतला मोठा लेखक झाला. (भीष्मजींचं नाव लक्षात ठेवा, पुढे त्यांची गरज लागणार आहे.) १९३६ साली बलराजचं दमयंतीशी लग्न झालं. वडिलांची इच्छा एवढीच की पोराने दुकानाच्या गादीवर बसावं. पोरगा काही दिवस बसलाही. पण त्याचं मन तिथे रमेना. बायकोला घेऊन तो निघाला. लाहोर, कलकत्ता असं करत शांतिनिकेतनात पोचला आणि शिक्षक झाला. रवींद्रनाथ तेव्हा हयात होते.

त्यानंतरचा मुक्काम आपल्या जवळचा. सेवाग्राम, जिल्हा वर्धा.

१९३७ साली वर्ध्याला शिक्षण परिषद झाली, त्यातून गांधीजींची 'नई तालीम' उभी राहिली. हाताने काम करत करत शिकायचं, अशी ती कल्पना. त्याच कामात बलराज रुजू झाले. रावळपिंडीच्या सधन घरातला, सुटाबुटात वाढलेला, शेक्सपिअर शिकलेला हा तरुण विदर्भाच्या उन्हात, आश्रमाच्या शिस्तीत राहत होता. मला हा तुकडा फार महत्त्वाचा वाटतो. गरीब माणूस कसा बसतो, कसा उठतो, भाकरी हातात कशी धरतो, हे बघायला मिळेल अशा जागी हा माणूस स्वतःहून जाऊन राहिला. सिनेमाचा तेव्हा पत्ताही नव्हता.

ऑल इंडिया रेडिओचे तेव्हाचे प्रमुख लायोनेल फील्डन सेवाग्रामला आले होते. लंडनच्या बीबीसीत हिंदुस्तानी कार्यक्रमांसाठी माणसं हवी होती. त्यांनी बलराजना विचारलं. गांधीजींनी परवानगी दिली आणि नवराबायको युद्धाच्या काळात लंडनला गेले. वर बॉम्ब पडतायत आणि खाली स्टुडिओत बातम्या आणि नाटकं चालू. जॉर्ज ऑर्वेल त्याच काळात बीबीसीच्या पौर्वात्य विभागात काम करत होते. माइकसमोर शब्द कसा टाकायचा, आवाज न चढवता कसं बोलायचं, हे बलराज तिथे शिकले. लंडनमध्येच त्यांनी रशियन सिनेमे पाहिले, मार्क्स वाचला. गेले तेव्हा गांधींच्या आश्रमातले होते, परतले तेव्हा मार्क्सवादी झालेले होते.

इप्टा आणि धुळ्याचे शेतकरी

मुंबईत आले तेव्हा इप्टाचा जोर होता. इंडियन पीपल्स थिएटर असोसिएशन. १९४३ साली याच शहरात तिची स्थापना झाली. आपल्या मराठी माणसाला इप्टा वेगळी सांगायची गरज नाही. अण्णाभाऊ साठे, अमर शेख, गवाणकर ही माणसं त्याच चळवळीतली. गिरणगावात लाल बावटा कलापथकाच्या डफावर थाप पडायची ते हेच दिवस. कामगारांच्या मैदानात, ट्रकच्या फळीवर, कधी नुसत्या रस्त्यावर नाटक व्हायचं. बलराज त्यात बुडाले. ख्वाजा अहमद अब्बास यांचं 'जुबेदा' हे नाटक त्यांनी बसवलं.

१९४३ चा बंगालचा दुष्काळ आठवा. लाखो माणसं अन्नान्न करून मेली. कोठारात धान्य नव्हतं असं नाही. भाव, साठेबाजी आणि सरकारची बेपर्वाई यांनी ती माणसं मेली. इप्टाने त्यावर सिनेमा काढायचं ठरवलं. 'धरती के लाल', साल १९४६, दिग्दर्शक अब्बास, संगीत रविशंकर यांचं. शंभू मित्र, तृप्ती मित्र, बलराज आणि दमयंती. बंगालवरचा हा सिनेमा, पण बाहेरच्या चित्रीकरणाचा भाग आपल्या धुळ्याकडे झाला. किसान सभेचे शेतकरी त्यात पडद्यावर दिसतात. खानदेशातल्या शेतकऱ्यांनी बंगालच्या भुकेल्या शेतकऱ्यांची भूमिका केली, म्हणजे कुणाची भूक कुणी वठवली बघा. धंद्याच्या दृष्टीने सिनेमा फारसा चालला नाही. मुंबईत तेव्हा दंगलीचे दिवस होते. सोव्हिएत संघात मात्र तो मोठ्या प्रमाणावर दाखवला गेला.

तुरुंगातून सेटवर

पुढची काही वर्षं फार वाईट गेली. खरं तर घरात मोठी अभिनेत्री होती ती दमयंती. पृथ्वीराज कपूर यांच्या पृथ्वी थिएटरच्या 'दीवार' नाटकात ती काम करायची आणि घर बरंचसं तिच्या कमाईवर चालायचं. १९४७ च्या एप्रिलमध्ये ती अचानक गेली. पदरी दोन लहान मुलं. चार महिन्यांनी फाळणी झाली आणि रावळपिंडी परदेशात गेली. बायको गेली आणि गावही गेलं. सिनेमात जम बसलेला नाही, पस्तिशी जवळ आलेली.

१९४९ साली कम्युनिस्टांच्या मोर्चात बलराजना अटक झाली. आर्थर रोड तुरुंग. यातली गंमत अशी की त्याच सुमारास ते 'हलचल' नावाच्या सिनेमात काम करत होते आणि त्यात त्यांची भूमिका होती जेलरची! निर्माते के. आसिफ यांनी खटपट करून परवानगी मिळवली. पोलिस पहाऱ्यात बलराज शूटिंगला यायचे, जेलरचा युनिफॉर्म चढवायचे आणि काम संपलं की परत कैदी होऊन कोठडीत. हा प्रसंग कुणी कथेत लिहिला तर आपण म्हणू, जरा जास्तच झालं. पण घडलेला आहे.

सुटून आले तेव्हा परिस्थिती एवढी ओढगस्तीची की मुलगा परीक्षित याला 'दीदार' सिनेमात बालकलाकार म्हणून काम करावं लागलं. याच दिवसांत बलराजनी एक पटकथा लिहिली. गुरुदत्तचा पहिला सिनेमा 'बाजी', १९५१. देव आनंदला नवं रूप देणाऱ्या त्या सिनेमाच्या लेखनावर बलराज साहनींचं नाव आहे, हे अनेकांना ठाऊक नसतं. त्याच काळात बेस्टच्या बसमध्ये एक कंडक्टर नकला करून प्रवाशांना हसवताना त्यांना दिसला. बद्रुद्दीन काझी त्याचं नाव. बलराजनी त्याला सांगितलं, गुरुदत्तच्या ऑफिसात ये आणि दारुड्याची नक्कल कर. तो आला, त्याने तिथे धिंगाणा घातला आणि जॉनी वॉकर झाला. थेंबही न पिणारा माणूस सबंध देशाचा लाडका बेवडा झाला, त्यामागे हा असा साहनींचा हात.

दोन बिघे

१९५२ च्या जानेवारीत मुंबईत देशातला पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरला. इटलीच्या डि सिका यांचा 'बायसिकल थीव्ज' इथल्या लोकांनी पाहिला. त्याचा बिमल रॉय यांच्यावर फार परिणाम झाला. सलील चौधरींची एक कथा होती, कलकत्त्यात रिक्षा ओढणाऱ्या शेतकऱ्याची. हृषीकेश मुखर्जींनी पटकथा केली. सिनेमाचं नाव 'दो बिघा जमीन'.

बलराज भेटायला आले ते सुटात, लंडनच्या वळणाचं बोलणं, गोरापान उंच देह. बिमलदांना वाटलं, हा कसला शेतकरी? शंका बरोबरच होती. बलराजनी 'धरती के लाल'चा हवाला दिला आणि काम मिळवलं. मग ते जोगेश्वरीच्या तबेल्यांत जाऊन बसायला लागले. तिथे उत्तरेकडचे भय्ये म्हशी पाळायचे. ते चालतात कसे, बसतात कसे, डोक्याला गमछा कसा गुंडाळतात, खाताना बोलतात का, हे सगळं बलराज रोज बघत राहिले. कलकत्त्यात गेल्यावर खरोखर रिक्षा ओढायला शिकले. तापलेल्या डांबरावर अनवाणी.

तरी काहीतरी जमत नव्हतं. स्वतःच्या आठवणीत त्यांनी लिहून ठेवलंय की शूटिंगच्या दरम्यान एकदा ते पार खचले. आपण हे सोंग आणतोय, असं त्यांना वाटत होतं. तेव्हा एक मध्यमवयीन रिक्षावाला जवळ येऊन विचारू लागला, इथे चाललंय काय? बलराजनी त्याला सिनेमाची गोष्ट सांगितली. ऐकता ऐकता त्या माणसाच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. बिहारमध्ये त्याची स्वतःची दोन बिघे जमीन पंधरा वर्षांपासून जमीनदाराकडे गहाण पडली होती. ती सोडवायला तो कलकत्त्यात रिक्षा ओढत होता आणि आता सुटेल ही आशाही त्याने सोडली होती. माझीच गोष्ट आहे ही, असं म्हणत तो निघून गेला. बलराज म्हणतात, त्या क्षणी मी अभिनयाबद्दलची पुस्तकं डोक्यातून काढून टाकली आणि त्या माणसाला आत घेतलं.

ज्यांनी सिनेमा पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. शंभू नावाचा शेतकरी. जमीनदाराला शहरातल्या लोकांबरोबर गिरणी काढायची आहे आणि शंभूची दोन बिघे मधे येतात. शंभूच्या हिशेबाने कर्ज आहे पासष्ट रुपये. कागदावर निघतात दोनशे पस्तीस, कारण शंभूला वाचता येत नाही आणि अंगठा कशावर उठवला ते माहीत नाही. कोर्ट तीन महिन्यांची मुदत देतं. शंभू पोराला घेऊन कलकत्त्याला जातो आणि माणसाच्या जागी जनावर होऊन रिक्षा ओढतो. शेवटी जमीन जातेच. आपल्याच शेतावर उभं राहिलेलं बांधकाम कुंपणाबाहेरून बघताना तो मूठभर माती उचलतो, तर पहारेकरी ओरडतो. ती मूठही त्याला सोडावी लागते.

मी पहिल्यांदा हा सिनेमा पाहिला तो दूरदर्शनवर, शाळकरी वयात, आणि मला तो कंटाळवाणा वाटला होता. दुसऱ्यांदा पाहिला तेव्हा आमच्या भागात रस्त्यासाठी जमिनींची मोजणी चालू होती. सातबारा हातात घेऊन माणसं तलाठ्याच्या दारात बसलेली असायची. मग तो शेवट बघवेना. सत्तर वर्षांपूर्वीचा सिनेमा आहे. त्यातला फक्त जमीनदार बदललाय. अंगठ्याच्या जागी आता सही आली, पण कागदावर काय लिहिलंय हे सही करणाऱ्याला आजही कळतंच असं नाही.

१९५४ साली कान महोत्सवात या सिनेमाला आंतरराष्ट्रीय पारितोषिक मिळालं. फिल्मफेअर पुरस्कार सुरू झाले त्यात पहिला उत्कृष्ट चित्रपट हाच.

आता मूळ प्रश्नाकडे या. नटाने राजकारणात पडू नये म्हणणाऱ्यांनी सांगावं, हा शंभू कुठल्या अभिनयशाळेतून आला असता? सेवाग्राम वजा करा, इप्टा वजा करा, मोर्चे आणि आर्थर रोड वजा करा. मागे उरतो लाहोरचा एक देखणा एम.ए. इंग्रजी तरुण. तसे देखणे तरुण तेव्हाही स्टुडिओच्या दारात रांगा लावून उभे होते.

मधली वर्षं

याचा अर्थ असा नाही की बलराजनी फक्त असेच सिनेमे केले. तसं लिहिलं तर ते खोटं ठरेल. घर चालवायचं होतं. 'सीमा'मधला सुधारगृहाचा प्रेमळ व्यवस्थापक, 'अनुराधा'मधला खेड्यातला डॉक्टर (गरिबांची सेवा करता करता हा भला माणूस घरातल्या गाणाऱ्या बायकोला विसरतो. चांगल्या माणसाच्या हातून होणारा अन्याय इतका शांतपणे दाखवणारा हिंदी सिनेमा विरळा), 'काबुलीवाला'तला रहमत, 'हकीकत'मधला लष्करी अधिकारी, 'वक्त'मधला लाला केदारनाथ. बायकोकडे बघून म्हटलेलं 'वक्त'मधलं ते गाणं आजही प्रत्येक लग्नात, पन्नाशीच्या वाढदिवसाला वाजतं. आमचे काका-मामा ते गाताना स्वतःला बलराज साहनीच समजतात.

या जोडीला मात्र पन्नास-साठच्या दशकात त्यांनी रडके कौटुंबिक सिनेमेही ढिगाने केले. सोशिक बाप, सोशिक थोरला भाऊ. टीकाकार तेव्हाही म्हणायचे, कम्युनिस्ट आणि जुहूला बंगला? गरिबांच्या गोष्टी आणि दारात गाडी? हा प्रश्न बलराजनी कधी झटकून टाकला नाही. धंदेवाईक सिनेमातल्या नकलेबद्दल, खोटेपणाबद्दल ते स्वतःच सगळ्यात कठोर बोलत. १९७२ साली दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठाच्या पदवीदान समारंभात त्यांनी केलेलं भाषण मिळालं तर जरूर वाचा. विद्यार्थ्यांसमोर ते म्हणाले त्याचा मथितार्थ असा: देश स्वतंत्र झाला पण आपली डोकी नाहीत. आपण साहेबाच्या नजरेने स्वतःकडे बघतो, त्याने चांगलं म्हटलं की मग आपल्याला आपलं चांगलं वाटतं. आणि हे सांगताना पहिलं उदाहरण त्यांनी आपल्याच धंद्याचं दिलं, हिंदी सिनेमाचं.

आईची भाषा

याच संदर्भात एक गोष्ट मराठी वाचकांनी मुद्दाम ऐकावी. शांतिनिकेतनात असताना बलराज हिंदीत कथा लिहीत. रवींद्रनाथांनी विचारलं, तू पंजाबी ना, मग पंजाबीत का लिहीत नाहीस? बलराजनी वाद घातला. हिंदी देशाची भाषा, पंजाबीत आहे काय, वगैरे. रवींद्रनाथांनी त्यांना गुरु नानकांची आठवण करून दिली. तेव्हा ते पटलं नाही. पटायला बरीच वर्षं गेली. मग मात्र नाव झालेला हा नट गुरुमुखी लिपी घोटायला बसला. गुरुमुखीचा टाइपरायटर घेतला, शूटिंगच्या मधल्या वेळात पंजाबीत लिहू लागला. पाकिस्तानात जाऊन आपली जुनी घरं-गल्ल्या पाहून आले, त्यावर पंजाबीत प्रवासवर्णन लिहिलं. रशियाच्या प्रवासावर लिहिलं. सिनेमातल्या आठवणी लिहिल्या.

आपल्याकडे भाषेचा अभिमान बहुतेक वेळा दुसऱ्याला काय येत नाही यावरून चालतो. या माणसाने स्वतःला काय येत नाही ते शोधलं आणि पाटी-पेन्सिल घेऊन ते शिकायला बसला. मला हा अभिमान जास्त टिकाऊ वाटतो.

भिवंडी, १९७०

आता ज्यासाठी हा सगळा लेख लिहायला घेतला ती गोष्ट.

मे १९७०. आपल्या ठाणे जिल्ह्यातली भिवंडी. शिवजयंतीच्या मिरवणुकीच्या दिवशी दंगल पेटली, पाठोपाठ जळगावही पेटलं. यंत्रमागांचं गाव. माग जळाले, घरं जळाली, माणसं जळाली. पुढे न्यायमूर्ती मादन यांच्या आयोगाने चौकशी केली. तो अहवाल आजही वाचवत नाही. भिवंडीत राहणाऱ्या वयस्कर माणसांना विचारा, दोन्हीकडच्या. अजून आवाज खाली करूनच बोलतात.

बलराज तेव्हा सत्तावन्न वर्षांचे. आदल्याच वर्षी पद्मश्री मिळालेली. सिनेमे चालू होते, नाव होतं. असा माणूस फार तर एक पत्रक काढतो, मदतनिधीला चेक देतो, फोटो निघतो. बलराज भिवंडीत जाऊन राहिले. मुसलमानांच्या वस्तीत, काही दिवस, बरोबर ना बंदोबस्त ना लवाजमा. लोकांच्या घरी जेवायचे, त्यांच्याशी बोलायचे, दोन्ही बाजूंच्या माणसांना भेटायचे. हा माणूस फाळणीत आपलं गाव गमावलेल्या हिंदू कुटुंबातला. सूडाची भाषा बोलायचा हक्क जर कुणाला असेलच, तर तो त्याला होता. त्याने तो वापरला नाही.

आणि इथे भीष्म साहनी येतात. बलराजबरोबर भीष्मही भिवंडीत आले. त्यांनी आठवणीत लिहिलंय की त्या जळक्या, सुनसान गल्ल्यांतून चालताना त्यांना एकदम वाटलं की हे सगळं आपण आधी पाहिलंय. १९४७ च्या मार्चमधली रावळपिंडी. तिथल्या दंगलीनंतर मदतकार्यात ते गावोगाव हिंडले होते. ती वर्षं त्यांच्या आत गाडली गेली होती, भिवंडीने ती उकरून काढली. दिल्लीला परतल्यावर ते लिहायला बसले आणि त्यातून 'तमस' उतरली.

भिवंडीच्या राखेतून रावळपिंडीची कादंबरी. 'तमस'ला १९७५ साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. गोविंद निहलानींनी तिच्यावर दूरदर्शनसाठी मालिका केली, १९८८ साली ती लागली तेव्हा बंदी घाला म्हणून लोक कोर्टात गेले. मुंबई उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती लेंटिन आणि न्यायमूर्ती सुजाता मनोहर यांनी मालिका स्वतः पाहिली आणि ती दाखवायला हरकत नाही असा निकाल दिला. सर्वोच्च न्यायालयानेही तेच म्हटलं. दंगल कशी घडवली जाते, मशिदीपुढे मेलेलं डुक्कर कोण टाकायला लावतं आणि मरतं कोण, हे त्या मालिकेत सबंध देशाने घरात बसून पाहिलं.

मला राहून राहून वाटतं, हे आपल्या जिल्ह्यातल्या शाळांत शिकवायला हवं. भिवंडी म्हटलं की आपण गोदामं, ट्रॅफिक आणि दंगल एवढंच सांगतो. एका मोठ्या कादंबरीचं बीज या गावात पडलं, हेही सांगायला काय हरकत आहे?

सलीम मिर्झा

१९७३. एम. एस. सथ्यू नावाचा तरुण दिग्दर्शक सिनेमा करत होता. सरकारी फिल्म फायनान्स कॉर्पोरेशनचं अडीच लाखांचं कर्ज, इस्मत चुगताईंची कथा, कैफी आझमी आणि शमा जैदी यांची पटकथा. 'गरम हवा'. जागा आग्रा. तिथे शूटिंगला विरोध झाला, तेव्हा युनिटने फिल्म न भरलेला एक कॅमेरा भलत्याच ठिकाणी लावायचा, गर्दी तिकडे वळवायची आणि खरं काम दुसरीकडे उरकायचं, असं करून दिवस काढले.

बलराजची भूमिका सलीम मिर्झा यांची. फाळणी झालीय, गांधीजींचा खून झालाय. आग्र्यातला हा जोडे बनवणारा. भाऊ पाकिस्तानात जातो, नातेवाईक एकेक करून निघून जातात, सलीम मिर्झा म्हणतात, मी कशाला जाऊ? मग बँक कर्ज देत नाही, कारण उद्या हा पळून गेला तर? पिढीजात हवेली भावाच्या नावावर, म्हणून सरकारजमा होते. भाड्याने घर शोधायला गेले तर नाव विचारलं जातं आणि दार बंद होतं. (मुंबई-ठाण्यात आज घर शोधणाऱ्या कुणाला हा सीन दाखवा. नाव, जात, मासे खाता का, सगळे प्रश्न ओळखीचे निघतील.) मुलगी दोनदा प्रेमात पडते, दोन्ही मुलगे सीमेपलीकडे निघून जातात आणि ती जीव देते.

त्या सीनमध्ये बलराज रडत नाहीत. दारात उभे राहून मुलीकडे बघतात, एवढंच. काही काळापूर्वीच त्यांची स्वतःची तरुण मुलगी शबनम वारली होती. त्या बघण्याबद्दल मी जास्त लिहीत नाही.

विचार करा, कोण कुणाची भूमिका करतंय. रावळपिंडी सुटलेला पंजाबी हिंदू आग्रा न सोडणाऱ्या मुसलमानाची भूमिका करतोय. आपल्या वाट्याचं दुःख घेऊन त्याने ते समोरच्याच्या अंगावर फेकलं नाही, त्याच्या घरात जाऊन बसला. ते कसं करायचं ते तो भिवंडीत करून आला होता. सिनेमाच्या शेवटी मिर्झा अखेर पाकिस्तानला निघतात. टांग्यातून स्टेशनकडे जाताना वाटेत मोर्चा लागतो, नोकऱ्या मागणाऱ्या पोरांचा. मुलगा उतरून मोर्चात जातो. म्हातारा टांगा थांबवतो, बायकोला घरी परत पाठवतो आणि स्वतःही त्या गर्दीत शिरतो.

डबिंग संपवून बलराज घरी आले आणि दुसऱ्याच दिवशी, १३ एप्रिल १९७३ रोजी, हृदयविकाराच्या झटक्याने गेले. बैसाखीचा दिवस, जालियनवाला बागेचाही. साठ पूर्ण व्हायला अठरा दिवस बाकी होते. अंत्यविधीला भटजी-मंत्र नकोत, अंगावर लाल झेंडा असावा, अशी त्यांची इच्छा होती.

आपला हा सिनेमा त्यांना लोकांबरोबर बघायला मिळाला नाही. दंगे होतील या भीतीने सेन्सॉरने तो महिनोन्महिने अडकवून ठेवला. सथ्यूंना थेट दिल्लीपर्यंत खेटे घालावे लागले. १९७४ साली प्रदर्शित झाला तेव्हा कुठेही दंगा झाला नाही. राष्ट्रीय एकात्मतेचा पुरस्कार मात्र मिळाला.

शेवटी एवढंच

बलराज साहनींचं राजकारण तुम्हाला पटलंच पाहिजे असं मुळीच नाही. मलाही सगळं पटत नाही. सोव्हिएत रशियाबद्दलचं त्यांचं भारावलेपण आज वाचताना अवघडायला होतं. पण त्यांनी जे मानलं त्याची किंमत स्वतः मोजली. तुरुंगात गेले, कामं गेली, हलाखी सोसली. ज्या सरकारने त्यांना आत टाकलं होतं त्याच देशाने पुढे पद्मश्री दिली. आणि वय झाल्यावर, नाव झाल्यावर, गप्प बसायची सगळी सोय असताना ते भिवंडीला गेले.

तेव्हा पुढच्या वेळी कुणा नटाला "तू फक्त अभिनय कर" म्हणावंसं वाटलं तर जरूर म्हणा, तो तुमचा हक्क आहे. फक्त नटाला जोखायचंच असेल तर त्याच्या एका पोस्टवरून जोखू नका, तो कुठे जाऊन राहिला ते विचारा. आणि हाच प्रश्न आपल्यालाही लागू आहे. आपण नट नाही, आपल्याला ना पडदा ना चाहते. पण गावात काही पेटलं, कुणाला नाव विचारून घर नाकारलं गेलं, कुणाचा सातबारा रातोरात फिरला, तर त्या दारापर्यंत चालत जायला नट असावं लागत नाही.

१ मेची सुट्टी आहेच. 'दो बिघा जमीन' किंवा 'गरम हवा', दोन्हीतला एक सिनेमा घरच्यांबरोबर बसून बघा. पोरांनाही बसवा. कंटाळली तर कंटाळू देत, पंधरा-वीस वर्षांनी त्यांना आठवेल. आणि भिवंडीत, जळगावात, धुळ्यात ज्यांच्या घरी त्या दिवसांच्या आठवणी आहेत, किसान सभेच्या असोत की दंगलीच्या, त्यांनी त्या लिहून काढा. ती पिढी आता फार दिवस राहणार नाही.